सगुणाबाईंनी शिवलेला जिल्हा

सगुणाबाई तोडणकर चौऱ्याऐंशी वर्षं जगल्या आणि त्यांतली निदान सत्तर वर्षं त्यांच्या मांडीवर काही ना काही शिवायचं पडलेलं होतं. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सात वर्षांची होते. आमच्या कन्याशाळेच्या पडवीत एक ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई गोधडी पसरून बसली होती. गोधडीचं एक टोक तिच्या मांडीवर आणि दुसरं पहिलीतल्या चार मुलींच्या पायांवर होतं. मुली बाराखडी म्हणत होत्या आणि बाईंची सुई त्याच तालावर चालली होती. 'क'ला खाली, 'का'ला वर. मध्येच एकीने 'कि' गाळला, तशी सुई हवेत थांबली. बाई नुसती सुई धरून बसल्या. मुलगी मागे गेली, 'कि' घेऊन आली आणि मग सुई खाली उतरली.

बाईंकडे छडी नव्हती. हवेत थांबलेल्या त्या सुईने काम भागायचं.

त्यांच्या हसण्याविषयी मात्र आधीच सांगितलेलं बरं. बाई मोठ्याने हसत नसत. आधी त्यांचे खांदे हलायला लागायचे, मग पदर तोंडाशी जायचा, मग डोळ्यांतून पाणी, आणि त्यानंतर त्या कुणाशीही काहीही बोलू शकत नसत. एकदा सुरू झालं की पाव तास शाळा बंद. आम्ही मुली हे फार लवकर शिकलो होतो. गणिताच्या तासाला कुणी ना कुणी बाईंचे खांदे हलवण्याच्या खटपटीत असायचंच.

त्या मास्तरीण कशा झाल्या ती कथा त्यांच्या सासऱ्यांपासून सुरू होते. बाई विशीत असताना त्यांचे यजमान कौलांनी भरलेला मचवा घेऊन मंगळुराहून निघाले ते परत आलेच नाहीत. घरात उरले सासरे काशीराम आणि ही सून. काशीराम मुंबईला गोदीत मुकादम होते. डोळे अधू झाले म्हणून गावी आलेले, पण रोजचं वर्तमानपत्र वाचल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. शेवटी त्यांनी सुनेला अक्षरं शिकवली. "तिच्यासाठी नाय, माज्यासाठी शिकवली," असं ते स्वतःच सगळ्या गावाला सांगायचे. सहा महिन्यांत सून वर्तमानपत्र वाचून दाखवायला लागली, आठव्या महिन्यात सासऱ्यांच्या मुंबईच्या पत्रांतल्या चुका काढायला लागली, आणि मग काशीराम म्हणाले, "आता ही घरात ऱ्हायली तर माजी काय खैर नाय. हिला परीक्षेला बसवा." रत्नागिरीला जाऊन त्या परीक्षा पास झाल्या. एकोणीसशे चोवीस साली आमच्या गावात देवळाशेजारच्या पडवीत मुलींची शाळा निघाली आणि तिथे त्या बसल्या.

आमचं गाव पूर्णगडाच्या खाडीत थोडं आत, दक्षिणेच्या काठाला. पलीकडे जायचं तर भिकाजीच्या होडीतून. मुलग्यांची शाळा पलीकडे होती. मुलगे रोज होडीने जात, येत, आणि महिन्यातून एखादा पाण्यात पडत असे. त्याचं कुणाला काही वाटत नसे. मुलींना होडीतून शाळेला पाठवायचं मात्र कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

बाईंची गोधडी आणि बाईंची शाळा वेगळी काढताच येत नसे. पाढे आम्ही टाक्यांवर शिकलो. सात टाके, मग लाल दोरा, पुन्हा सात टाके, लाल दोरा. सातापाचाचे किती, असं विचारलं की मुलगी गोधडीवरून बोट फिरवून पाचव्या लाल दोऱ्यावर थांबायची. शिक्षा म्हणजे वाडीतल्या म्हाताऱ्यांच्या सुयांत दोरे ओवून द्यायचे. मी इतकी बडबडी होते की एका पावसाळ्यात वाडीतल्या एकाही म्हातारीला स्वतः दोरा ओवावा लागला नाही.

असं सगळं मजेत चाललेलं असताना एकोणीसशे तीस साली तपासणीला डिपोटी, म्हणजे शाळाखात्याचे साहेब, आले. उंच, किडकिडीत गृहस्थ. अंगात काळा कोट, हातात छत्री आणि नाकाला कायमची सर्दी. त्यांनी आमच्यातल्या गोदाला उभं केलं आणि विचारलं, "आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेस काय आहे?"

गोदा विचार करून म्हणाली, "आमचं परसू."

बाईंचे खांदे हलले. डिपोटींचे हलले नाहीत.

"आणि परसाच्या पुढे?"

"मथुराचं परसू."

तिच्या घरापुरतं ते अगदी खरं होतं. पण महिन्याभराने बोर्डाचं पत्र आलं. पट फक्त अठरा. शाळेत जिल्ह्याचा नकाशा नाही. मुलींना जिल्हा ठाऊक नाही. पुढल्या तपासणीला पंचवीस मुली हजर नसतील आणि भूगोल समाधानकारक नसेल, तर शाळा बंद करून मुलींना पलीकडच्या मुलग्यांच्या शाळेत घालावं.

याचा अर्थ शाळेतल्या सर्वांत धाकट्या मुलीलाही कळला. पलीकडे कुणीच जाणार नव्हतं. पत्र खरं झालं तर आम्ही अठराजणी त्याच दिवशी घरी बसणार होतो, आणि घरी बसलेल्या मुलीचं पुढे काय व्हायचं ते आम्ही आमच्या मोठ्या बहिणींकडे पाहून ओळखून होतो.

बाईंनी पत्र तीनदा वाचलं, घडी केली आणि वाशाला खोचलं. म्हणाल्या, "नकाशा हवाय ना त्यांना? शिवू."

दुसऱ्याच दिवशी त्या जुनी वर्तमानपत्रं घेऊन होडीने पलीकडे गेल्या. मुलग्यांच्या शाळेतले आत्माराम मास्तर भिंतीवरच्या नकाशावर त्यांना कागद लावून रेघा ओढताना बघत उभे राहिले.

"बाई, हा नकाशा टांगायचा की पांघरायचा?"

"आधी टांगू. थंडी वाजली तर पांघरू."

"आणि दक्षिणोत्तर कसं ओळखायचं?"

"डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला. तुमच्या नकाशात तेवढी तरी सोय आहे का?"

समुद्र काशीरामांच्या धोतराचा झाला. धोतर निळीत इतका वेळ बुडवून ठेवलं की बाईंचे हात आठवडाभर कोपरापर्यंत निळे होते. सह्याद्रीला एका म्हातारीची फाटकी घोंगडी मिळाली. मधला जिल्हा मात्र मोकळा होता, आणि तिथे बाईंनी एक नियम केला. नकाशावर गावं लागणार ती शाळेतल्या मुलींच्या आयांच्या माहेरची. ठिगळ आईने आपल्या लुगड्याचं द्यायचं आणि टाके तिच्या मुलीने स्वतः शाळेत बसून घालायचे. बाकी कुणाचे टाके चालणार नाहीत.

ही बातमी विहिरीवर पोचायला अर्धा दिवस लागला आणि नंतर गावात दुसरं काही बोलणं राहिलं नाही.

आमच्या आया लग्न होऊन कुठून कुठून आलेल्या. कुणी केळशीची, कुणी वेळणेश्वराची, कुणी घाटाखालच्या आतल्या गावांतली. माहेरी जाणं वर्षातून एकदा झालं तर झालं. आणि आता त्यांचं गाव शाळेच्या भिंतीवर लागणार होतं! ज्या बायांनी मुलींना कधी शाळेचा उंबरा दाखवला नव्हता, त्या लुगडं काखेत मारून स्वतःच पडवीत येऊ लागल्या.

"बाई, माजं देवरूख कुठं?"

"मुलगी कुठे?"

"ती शेळ्या घेऊन गेली."

"मग देवरूखही शेळ्यांबरोबर गेलं."

दुसऱ्या दिवशी मुलगी हजर. मागोमाग शेळीही हजर, कारण ती मुलीला सोडायला तयार नव्हती. तिला दाराशी बांधलं. एकोणीस, वीस, बावीस असा पट चढत गेला.

मथुराची आई आनंदीबाई केळशीची. तिने लग्नातल्या शालूचं काठपदरासकट हातभर लांब कापड आणून दिलं आणि बजावलं, "काठ कापायचा नाय हां. केळशीला काठ हवाच."

बाईंनी नकाशावर मोजून पाहिलं. तेवढी केळशी लावली असती तर निम्मी दापोली झाकली जात होती. कात्री हातात घेऊन त्या बराच वेळ बसल्या. मग कात्री खाली ठेवली. दुसऱ्या बाईच्या लग्नातल्या लुगड्याला कात्री लावणं त्यांच्या हातून झालं नाही. त्या दिवशी त्यांनी आम्हाला भूगोलाचा एक धडा दिला, तो आम्ही सगळ्यांनी पाठ केला: "नकाशावर केळशी मोठी आहे. जमिनीवर केळशी लहान आहे. कारण, मथुराच्या आईचं माहेर केळशी."

वेळणेश्वराचा घोळ याहून मोठा होता. कमळाची आई आणि सखूची आई, दोघी जावाजावा, दोघी वेळणेश्वराच्या, आणि पाच वर्षं एकमेकींशी फक्त भांडण्यापुरत्या बोलणाऱ्या.

"वेळणेसर माजं. माजं घर देवळाच्या समोर."

"समोर नाय गो, मागं! मागल्या बाजूला, जिथं म्हशी बांधतात तिथं हिचं घर."

"म्हशी तुज्या बापाच्या!"

"मग! आमच्याकडं म्हशी तरी व्हत्या."

बाईंनी वेळणेश्वराचे दोन भाग केले, एक हिरवा, एक जांभळा. मध्ये कमळा आणि सखू यांनी दोन्ही बाजूंनी टाके घालत यायचं, आणि जिथे सुया भेटतील तिथे गाठ. दोघी मुली इतक्या चुरशीने शिवत आल्या की गाठ पडली तेव्हा दोघींच्या वेण्याही त्यात शिवल्या गेल्या होत्या. त्या दिवशी बाई पाव तास नव्हे, अर्धा तास बोलू शकल्या नाहीत.

तपासणीला महिना राहिला तेव्हा पट चोवीसवर अडला. गावात मुलगी एकच उरली होती, हौसा. तिची आई मासे विकायची, आणि पोरीशिवाय तिचं पान हलत नसे. एक दिवस तीही टोपली डोक्यावर घेऊन पडवीत आली. नकाशा खालून वर, वरून खाली पाहिला.

"बाई, ह्याच्यात माजं माहेर नाय, पूर्णगड."

"नाही."

"आख्खा किल्ला हाय तिथं. गेला कुठं?"

"ठिगळ कुणी दिलं नाही."

"मी देतंय. आत्ता देतंय." तिने तिथल्या तिथे लुगड्याच्या ओच्याला हात घातला.

"आत्ता नको," बाई घाईने म्हणाल्या. "आणि टाके हौसाने घालायचे. शाळेत बसून."

"तिला येळ नाय."

"मग पूर्णगडलाही वेळ नाही."

हौसाची आई निघून गेली. नकाशावर खाडीच्या तोंडाशी एक मोकळी जागा होती, बोटभर. आमची शाळा त्या बोटभर जागेवर अडली होती. तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी सकाळी हौसा आली. तिच्या मुठीत लाल कापडाचा चौकोन होता. आईच्या लग्नातला. "आयनं सांगितलाय," ती म्हणाली, "हा हरवला तर घरी येव नको."

पंचवीस झाल्या.

आता गोधडीची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे गोधडी पुरी होताना, शेवटचं तोंड शिवण्याआधी, तिच्या पोटात घास घालतात. नाचणीच्या भाकरीचा नखाएवढा तुकडा. उपाशी गोधडी ऊब देत नाही, असं आमच्या बायका मानायच्या. बाईंनीही नकाशाच्या कोपऱ्यात तसा तुकडा घातला आणि तोंड शिवलं. त्यांच्या लेखी नकाशा जेवला.

आमच्या लेखी नव्हता. मधल्या सुट्टीत मथुरा म्हणाली, "कोपरा जेवला. केळशी कुठं जेवली?" खरंच, प्रत्येक गावाला आपलं पोट होतं. आणि एका गावच्या घासाने दुसरं गाव कसं जेवेल? बाईंना विचारायचं धाडस झालं नाही, कारण नको म्हणाल्या असत्या तर गावं उपाशी राहिली असती. मग पुढले दोन दिवस बाईंची पाठ वळली की एकेक मुलगी आपल्या गावाचे चार टाके उसवायची, आत घास सारायची आणि टाके परत घालायची. पंचवीसही जणींनी हे केलं. मीही केलं. माझ्या आईच्या राजापुराला मी पोटभर जेवू घातलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी बाईंनी नकाशा दोन खुंट्यांना टांगला आणि मागे सरून पाहिला.

"हे उंचवटे कसले गं?"

"सह्याद्री, बाई," गोदा पटकन म्हणाली.

"समुद्रकाठाला?"

बाईंनी हात लावून पाहिलाही असता, पण तेवढ्यात दारातल्या शेळीने खडू खायला घेतला आणि ते राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिपोटी आले. तोच कोट, तीच छत्री, तीच सर्दी. त्यांच्या मागोमाग, होडीवरून, भिकाजीची भुरी मांजरी आली. ती होडीवरच राहायची आणि सहसा मासे सोडून कशाच्या मागे जात नसे. ती डिपोटींच्या मागे का येते आहे, हे कळायला थोडा वेळ गेला. ती डिपोटींच्या मागे नव्हतीच. तिला वास आला होता.

डिपोटी नकाशासमोर उभे राहिले. आधी जवळून पाहिलं, मग लांबून.

"केळशी एवढी मोठी का?"

पंचवीस मुली एका सुरात म्हणाल्या, "नकाशावर केळशी मोठी आहे. जमिनीवर केळशी लहान आहे. कारण, मथुराच्या आईचं माहेर केळशी!"

डिपोटींनी रुमाल काढून नाक पुसलं. "आणि ही राजापुराहून संगमेश्वराकडे काय रेषा आहे? रस्ता का?"

"होय," बाई म्हणाल्या, आणि नीट पाहिलं. रेषा चालत होती. मुंग्या होत्या.

"बरं, पूर्णगड दाखवा."

हौसा उठली. पण तिच्या आधी मांजरी उठली. खिडकीतून तिने झेप घेतली ती सरळ खाडीच्या तोंडावर, आणि चारही पंजे पूर्णगडात रोवले. एक क्षण ती जिल्ह्याला लोंबकळली. मग टाके तुटले आणि तोंडात आख्खा लाल चौकोन, त्याला चिकटलेल्या सुक्या बांगड्यासकट, घेऊन ती खाली पडली आणि दारातून पसार झाली.

"पूर्णगड गेलं!" हौसा ओरडली, आणि मांजरीच्या मागे तीही गेली.

बाईंनी पदर तोंडाशी नेला. आम्ही ओळखलं. खांदे हलत होते, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. शाळेचं भवितव्य समोर उभं, आणि बाईंच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

"बाई," डिपोटी म्हणाले, "नकाशात मासा कसा आला?"

बाईंनी मान हलवली. ती हो होती की नाही, ते कुणालाच कळलं नाही. तेव्हा डिपोटी आमच्याकडे वळले. "तुमच्यापैकी कुणी सांगेल?"

मथुरा उभी राहिली. "पूर्णगडला मासळी लागते, साहेब. म्हणून हौसाने बांगडा घातला. माज्या केळशीत सुपारीचं खांड हाय. तिथं पोफळीच्या बागा."

डिपोटींनी पुढे होऊन केळशी चाचपली. "आहे खरं," ते म्हणाले. मग त्यांचं बोट उत्तरेकडून खाली सरकायला लागलं, एकेका उंचवट्यावर थांबत.

"वेळणेश्वरात?"

"खोबरं!" कमळा.

"देवळातलं बेलाचं पान!" सखू.

"देऊळ कुठल्या बाजूला आहे?"

"आमच्या!" दोघी.

"संगमेश्वर?"

"बिस्कीट," गोदा म्हणाली.

डिपोटींचं बोट थांबलं. "संगमेश्वराला बिस्किटं पिकतात?"

"नाय साहेब. तिथं भात नि नाचणी. पन ती पुरत नाय, म्हणून बापय मुंबईला गिरणीत जातात. नि तिकडनं येताना बिस्किटं आणतात."

डिपोटींनी गोदाकडे निरखून पाहिलं. मला वाटतं, परसूवालीच ही मुलगी, हे त्यांना आठवलं असावं. मग राजापूर, देवगड, मालवण असं करत ते पार दक्षिणेपर्यंत गेले. कुठे काय पिकतं, काय पकडतात, कुठून कशाने जातात, हे सगळं गोधडीच्या पोटातून बाहेर आलं. शेवटी ते खुर्चीवर बसले आणि शेरेबुकात लिहिताना मोठ्याने म्हणाले, "भूगोल समाधानकारक." आणि शिंकले.

बाईंचं हसू एव्हाना ओसरलं होतं. त्यांनी डोळे पुसले.

"आता हजेरी," डिपोटी म्हणाले. त्यांनी बोटाने मुली मोजल्या. पुन्हा मोजल्या. "चोवीस."

बाईंचा चेहरा उतरला. हौसा परत आली नव्हती.

"सकाळी पंचवीस होत्या, साहेब. आपण स्वतः तिला पाहिलंत."

"पाहिलं. पण मोजताना मला चोवीस दिसतात. दिसतील तेवढ्या लिहायच्या, असा नियम आहे." त्यांनी हजेरीबुकात २४ लिहिलं. मग घड्याळ काढलं. ते वाईट माणूस नव्हते, फक्त नियमांचे होते. "शाळेची वेळ साडेदहापर्यंत आहे. तोवर ती मुलगी आली तर आकडा बदलीन. पण मला सुकती लागून पाणी ओसरायच्या आत होडी गाठायची आहे. मी निघतो."

दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

बाईंनी हजेरीबुक काखेत मारलं. "पोरींनो, उठा. साडेदहापर्यंत शाळा आहे ना? मग शाळा साहेबांबरोबर धक्क्यापर्यंत जाईल."

आणि शाळा निघाली. पुढे छत्री घेतलेले डिपोटी, मागे बाई, मागे चोवीस मुली दोन रांगांत, सगळ्यांत मागे सुटलेली शेळी. वाटेत प्रत्येक कुंपणापाशी आम्ही ओरडत होतो, "हौसाऽ! हौसाऽ गोऽ!" आया दारांत आल्या. काय झालं ते त्यांना धड कळलं नाही, पण शाळा रस्त्याने चाललेली पाहून त्याही मागोमाग आल्या.

धक्क्यावर भिकाजी डोक्याला हात लावून बसला होता. "साहेब, उशीर केलात. पाणी गेलं. होडी गाळात बसली."

"मग?"

"तुमी बसा आत. ढकलाय लागंल. पन एकट्याला नाय जमायचं."

डिपोटी छत्रीसकट होडीत बसले. बाईंनी हजेरीबुक त्यांच्या हातात दिलं, लुगडं खोचलं आणि सरळ गाळात उतरल्या. त्यांच्यामागे आम्ही. गाळ मांड्यांपर्यंत होता आणि इतका थंडगार, गुळगुळीत की किंचाळल्याशिवाय कुणाला त्यात पाय टाकताच येत नव्हता. तेवढ्यात काठच्या कांदळीच्या झाडांतून आवाज आला.

"बाईऽ! पूर्णगड गावलं!"

हौसा येत होती. नखशिखांत चिखल. एका काखेत फिसकारणारी मांजरी आणि उंच धरलेल्या हातात लाल चौकोन, तेवढाच स्वच्छ. पण ती आमच्यापासून पन्नास पावलं लांब होती, आणि त्या गाळात एक पाऊल टाकायला दोनदा पडावं लागत होतं.

बाईंनी होडीकडे पाहिलं. डिपोटींनी घड्याळाकडे. "दहा पंचवीस," ते म्हणाले. मग एकदम हजेरीबुक उघडलं. "बाई, तुमचे हात चिखलाचे आहेत. हजेरी मीच घेतो. मुलींनी हजर म्हणताना ढकलायचं. गोदा!"

"हजर!" गोदाने खांदा लावला.

"मथुरा!"

"हजर!" होडी जरा कुरकुरली.

"कमळा!" "हजर!" "सखू!" "हजर!" डिपोटींचा आवाज चढत चालला होता. सर्दीने बसलेला तो आवाज इतका मोठा असेल असं कुणाला वाटलं नसतं. धक्क्यावरच्या आयाही प्रत्येक नावाला "हजर!" म्हणायला लागल्या. त्यांना आवरताना भिकाजी स्वतः गाळात बसला. हौसा सगळ्यांत शेवटी आली होती, म्हणून पटावर तिचं नाव शेवटचं. बावीस झाल्या. तेवीस. चोवीस. हौसा अजून चार पावलांवर होती. डिपोटींनी घड्याळ पाहिलं, छत्री मिटवली, आणि मी शपथेवर सांगते, बुकातलं पान उगाचच एकदा मागे उलटलं आणि पुन्हा पुढे आणलं.

"हौसा!"

हौसाने मांजरी होडीत फेकली आणि दोन्ही हातांनी होडीवर कोसळली. "हजर!"

होडी सुटली. आम्ही पंचवीसजणी आणि बाई एकदम तोंडावर आपटलो. मान वर केली तेव्हा डिपोटी पाण्यावरून चालले होते, मांडीवर मांजरी, मांजरीवर हजेरीबुक, आणि ते लिहीत होते. त्यांनी बुक वर धरून दाखवलं. २४ खोडलेलं होतं.

"बाई! बुक भिकाजीबरोबर परत पाठवतो!"

बाई उत्तर देऊ शकल्या नाहीत. त्या गाळात बसल्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते.

ज्येष्ठात बोर्डाचं पत्र आलं. शाळा चालू ठेवावी. पुढल्या वर्षी पट चौतीस झाला, कारण ज्यांची माहेरं राहून गेली होती त्या बायका आता बाईंना रस्त्यात गाठायला लागल्या होत्या. जिल्ह्यात जागा उरली नाही तेव्हा बाईंनी समुद्राला आणखी हातभर धोतर जोडलं, आणि तीन गावं पाण्यात वसवली. एक दिवस लवू तांडेलाची बायको ठिगळ घेऊन आली. ती कोल्हापूरकडची. तिचं माहेर जिल्ह्यातच नव्हतं, घाटाच्या वर कुठेतरी होतं, आणि तिची मुलगी अजून पाळण्यात होती.

बाईंनी ठिगळ उलटंसुलटं करून पाहिलं. कापड चांगलं होतं.

"पोरगी सहा वर्षांची झाली की आण," त्या म्हणाल्या. "तोवर कोल्हापूर मी सांभाळते."